शंका-समाधान : स्कोपची काळी क्लिप आणि घरचा मेन्स

या वेळी आलेल्या बऱ्याच प्रश्नांचा विषय एकच आहे : मेन्सवर चालणाऱ्या उपकरणाला ऑसिलोस्कोप (व्होल्टेज कसं बदलतं ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) लावला आणि काहीतरी उडालं, किंवा उडेल अशी धास्ती वाटते. धास्ती अगदी रास्त आहे, म्हणून पूर्ण सदर यालाच दिलं आहे. उत्तरांमध्ये आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा घरगुती पुरवठा धरला आहे. या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टला पोचतं. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

प्रश्न : इंडक्शन शेगडीच्या बोर्डावर ५ व्होल्ट येतात का, ते मल्टिमीटरने पाहिलं, बरोबर होते. तीच लाइन स्कोपवर बघायला प्रोबची काळी क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला लावली, तर मोठा आवाज झाला, आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि शेगडीचा ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) शॉर्ट झाला. त्याच जागी मल्टिमीटर चालला, मग स्कोप का नाही? (उपकरण दुरुस्ती करणारे वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याची बॉडी प्लॅस्टिकची आणि त्याच्या दोन्ही वायरींचा जमिनीशी काही संबंध नाही. स्कोपचं तसं नाही. प्रोबची काळी क्लिप, प्रोब जिथे लावतो त्या बीएनसी सॉकेटचं बाहेरचं कडं, स्कोपची चॅसी आणि प्लगची तिसरी जाड पिन हे सगळं आतून एकच आहे. खात्री करायची तर स्कोपचा प्लग काढा आणि क्लिप ते तिसरी पिन असा ओहम मोजा. एक ओहमच्या आत येईल. म्हणजे क्लिप एखाद्या जागी लावणं म्हणजे ती जागा सरळ अर्थिंगला बांधणं.

आता शेगडीकडे बघा. तिच्या बोर्डावर ज्याला आपण ग्राउंड म्हणतो ते अर्थ नाही, ती ब्रिज रेक्टिफायरची निगेटिव्ह बाजू आहे. ५ व्होल्ट आणि आयजीबीटी (शेगडीची कॉइल चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर) ड्रायव्हरचे १८ व्होल्ट या दोन्ही सप्लाय बहुतेक शेगड्यांत याच निगेटिव्हवर उभ्या असतात, मध्ये अलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. फेज जेव्हा निगेटिव्ह अर्धचक्रात जातो तेव्हा ब्रिजचा खालचा डायोड चालू होतो आणि बोर्डाचं ग्राउंड फेजला चिकटतं. त्या १० मिलिसेकंदांत ते जमिनीच्या तुलनेत उणे ३२५ व्होल्टपर्यंत खाली जातं. तुमची क्लिप तर शून्यावर. मग रस्ता असा तयार होतो : डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा जमिनीत गाडलेला न्यूट्रल, तिथून जमीन, तुमचं अर्थिंग, स्कोपची तिसरी पिन, चॅसी, प्रोबची जाळी, क्लिप, बोर्डाचं ग्राउंड, खालचा डायोड, फेज. या रस्त्यात वायरींखेरीज दुसरा अडथळाच नाही, त्यामुळे डायोड फुटतो. कधी प्रोबची वायर वितळते, तर कधी स्कोपच्या आत बीएनसीजवळचा ट्रॅक जळतो.

दुसऱ्या अर्धचक्रात ग्राउंड न्यूट्रलला चिकटलेलं असतं, तेव्हा काही होत नाही. म्हणूनच काही जणांना वाटतं की प्लग उलटा घातला की वाचू. नाही. ब्रिज दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. प्लग कसाही घाला, २० मिलिसेकंदांत एकदा शॉर्ट होणारच.

आरसीसीबी पडला हे चांगलं झालं, पण तो उपकरण वाचवायला नाहीच. मोठा प्रवाह वाहिला तरी त्याला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि डायोडचा जीव त्याच्या आधीच गेलेला असतो.

क्लिप लावण्याआधीची तपासणी अशी करा. प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, उपकरणाचा स्विच असेल तर ऑन ठेवा. मल्टिमीटर डायोड रेंजवर घ्या. लाल वायर बोर्डाच्या ग्राउंडला, काळी आधी प्लगच्या एका पिनला, मग दुसऱ्या पिनला. दोन्हीकडे ०.४ ते ०.६ असं काही आलं तर ते ग्राउंड गरम, म्हणजे मेन्सशी जोडलेलं आहे, तिथे क्लिप नाही. दोन्हीकडे, वायरी उलट्या करूनसुद्धा, ओपन दाखवलं तर ते ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशातून सिग्नल देणारा भाग) यांच्या पलीकडचं थंड, म्हणजे मेन्सपासून अलग ग्राउंड आहे. वॉशिंग मशीनच्या बोर्डांवर एक वेगळाच प्रकार भेटतो : ट्रायॅकचं (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेट खाली ओढायचं असतं म्हणून ५ व्होल्टची प्लस बाजूच थेट मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. तिथे पिन ते ५ व्होल्ट असं मोजलं तर सरळ शून्य ओहम येतात.

शेगडीची ५ आणि १८ व्होल्टची लाइन बघायची तर शेगडी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सशी तारेचा संबंध तोडणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. तापवायला सुरुवात करायची नाही, त्यामुळे १०० ते २०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) पुरतो. चालू शेगडीत आयजीबीटीच्या कलेक्टरवरचा वेव्हफॉर्म हा मात्र साध्या प्रोबचा विषयच नाही. तिथे हजार व्होल्टच्या आसपास उसळी येते. त्यासाठी त्या व्होल्टेजचा डिफरन्शियल प्रोबच हवा, म्हणजे अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये स्कोपच्या तिसऱ्या पिनवर इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे, म्हणजे शॉर्ट होत नाही. हे बरोबर आहे का? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : टेप आजच काढायला सांगा. शॉर्ट होत नाही हे खरं, पण का होत नाही ते पाहा. क्लिप गरम ग्राउंडला लावली की आता स्कोपची पूर्ण बॉडीच फेजवर चढते. बीएनसीची कडी, मागचे स्क्रू, दुसऱ्या चॅनलची लोंबणारी क्लिप, सगळं ३२५ व्होल्टला. एक हात स्कोपवर आणि दुसरा शेजारच्या अर्थ केलेल्या पॉवर सप्लायवर, म्हणजे प्रवाह थेट छातीतून. जो शॉर्ट आधी वायरीतून गेला असता तो आता माणसातून जायला मोकळा झाला. लॅबमध्ये धोका आणखी मोठा, कारण टेप कुणी लावली आणि का लावली हे पुढच्या बॅचला माहीत नसतं.

क्लिप कुठेही लावलेली नसली तरी अर्थ तोडलेला स्कोप निर्धोक राहत नाही. त्याच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. अर्थ काढला की बॉडी या दोघांच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगते. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर वाहतो, ४.७ नॅनोफॅरडमधून ०.३४. बोटाला मुंग्या आल्यासारखं होतं ते याने. एवढ्या प्रवाहाने जीव जात नाही, पण नाजूक आयसीचं इनपुट मात्र जाऊ शकतं. शिवाय असं मोजलेलं मापही खोटं : स्कोपच्या बॉडीची सगळी कपॅसिटन्स तुमच्या सर्किटवर लटकते आणि वेगाने बदलणारे सिग्नल वेडेवाकडे दिसतात.

टेप नसतानाही अनेक टेबलांवर स्कोप नकळत तरंगत असतो. दोन वायरींच्या केबलला तीन पिनांचं टॉप लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड हे त्याचं नेहमीचं कारण. स्कोपची क्लिप ते भिंतीच्या सॉकेटमधला अर्थ असा थेट ओहम मोजला की कळतं. मोजताना सॉकेटचा स्विच बंद ठेवा.

नियम एकच आहे : स्कोपचा अर्थ तोडायचा नाही, ज्या उपकरणावर काम करायचं ते अर्थपासून अलग करायचं.

प्रश्न : आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा घ्यावा? माझ्याकडे डिमरस्टॅट आणि जुना स्टॅबिलायझर आहे, त्यांच्यावर भागेल का? (टीव्ही दुरुस्ती करणारे वाचक, सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर आधी, कारण इथे माणसं फसतात. डिमरस्टॅट, स्टॅबिलायझर, २३० ते ११० व्होल्टचे बरेचसे कन्व्हर्टर, हे सगळे ऑटो ट्रान्सफॉर्मर आहेत. यांत एकच वाईंडिंग असतं आणि आत येणारा न्यूट्रलच बाहेर जातो. व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण सप्लाय अलग होत नाही. डिमरस्टॅट ४० व्होल्टवर ठेवलात आणि प्लग उलटा असेल तर तुमच्या बोर्डाची एक बाजू सरळ फेजवर आहे. सिरीज लॅम्पचंही (उपकरणाच्या वाटेत जोडलेला बल्ब) तेच : १०० वॅटचा बल्ब प्रवाह ०.४३ अँपिअरवर अडवतो, त्यामुळे बोर्ड फुटत नाही, पण शॉकपासून अजिबात वाचवत नाही. दोन्ही वस्तू टेबलावर असाव्यातच, फक्त आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या जोडीने.

एलईडी टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर, छोटे ॲम्प्लिफायर यांना २५० व्हीए भरपूर होतो. मोठा टीव्ही आणि ऑडिओ धरून ५०० व्हीए घ्या, म्हणजे २ अँपिअरच्या थोडं वर मिळतं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर प्रमाण १:१ आणि दोन्ही वाईंडिंग बॉबिनच्या वेगळ्या खणांत असावीत, एकावर एक नकोत, असं स्पष्ट सांगा. ताब्यात घेताना ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावून प्रायमरी-सेकंडरीमध्ये आणि सेकंडरी-कोअरमध्ये १०० मेगओहमच्या वर येतात का ते पाहा. तयार डब्यांत कधी कधी सेकंडरीचं एक टोक अर्थला जोडून दिलेलं असतं. सेकंडरीची दोन्ही टोकं ते अर्थ पिन असा ओहम मोजून ते आधीच शोधा. जोडलेलं असेल तर तो डबा आपल्या कामाचा नाही.

खर्च वाचवायचा असेल तर २३०:२४ व्होल्टचे ५ अँपिअरचे दोन एकसारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावा. पहिल्याची २४ व्होल्टची बाजू दुसऱ्याच्या २४ व्होल्टच्या बाजूला दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीने जोडायची आणि दुसऱ्याच्या २३०च्या बाजूकडून आउटपुट घ्यायचं. १२० व्हीएची जोडी होते. लोडवर व्होल्टेज साधारण २००च्या आसपास उतरतं; एसएमपीएसला (टीव्ही, चार्जरमधला स्विचिंग पॉवर सप्लाय) ते चालतं. इनपुटला १ अँपिअरचा स्लो ब्लो आणि आउटपुटला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घाला.

आउटपुट अलग आहे का हे मल्टिमीटरने बघाल तर घाबराल : सेकंडरी ते अर्थ ६०, ८० असे व्होल्ट दिसतात. ती वाईंडिंगमधल्या कपॅसिटन्सची भुताटकी आहे, मीटर फार कमी प्रवाह घेतो म्हणून दिसते. होल्डरमध्ये बसवलेला १५ वॅटचा बल्ब सेकंडरीचं एक टोक ते अर्थ, मग दुसरं टोक ते अर्थ असा लावा. पेटत नसेल तर काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कोपची क्लिप लावेपर्यंतच तुमचं उपकरण जमिनीपासून अलग असतं. क्लिप लावली की ती जागा अर्थला गेली, आणि बाकी सगळा बोर्ड अर्थच्या तुलनेत पुन्हा ३२५ व्होल्टवर आला. त्यातल्या कुठल्याही बिंदूला हात लागला तर शॉक पूर्ण बसेल, आणि या वेळी आरसीसीबी पडणारही नाही, कारण सेकंडरीचा प्रवाह सेकंडरीतच परत जातो, घरच्या बोर्डातल्या आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ट्रान्सफॉर्मर स्कोप वाचवतो; तुम्हाला तुमची शिस्तच वाचवते. प्लग काढून क्लिप आणि प्रोब लावा, हात मागे घ्या, मग चालू करा. एका ट्रान्सफॉर्मरवर एकाच वेळी एकच उपकरण.

प्रश्न : क्लिप बोर्डावरच्या न्यूट्रलला लावली तर? न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच ना? (सातारा)

उत्तर : ते डीपीपाशी एक असतात, तुमच्या टेबलाशी नाही. मधल्या वायरीत लोडमुळे एक-दोन व्होल्टचा फरक राहतो, आणि रेझिस्टन्स कमी असल्याने तेवढ्यानेही प्रोबच्या जाळीतून अँपिअरमध्ये प्रवाह वाहू शकतो. आरसीसीबी लगेच पडतो. प्लग उलटा गेला किंवा कुणी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलट जोडले असतील तर क्लिप थेट फेजवर. लावू नका.

प्रश्न : डिफरन्शियल प्रोब परवडत नाही. दोन साध्या प्रोबने वजाबाकी करून मोजता येतं असं ऐकलं. नेमकं कसं? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येतं, आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तेव्हा हाच बरा मार्ग आहे, मर्यादा ओळखून वापरला तर.

दोन्ही प्रोब एकाच जातीचे घ्या, दोन्ही १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणारी सेटिंग). स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर दोन्हींचं कॉम्पेन्सेशन नीट करा, म्हणजे प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून लहर स्वच्छ चौकोनी आणा. मग दोन्हींच्या काळ्या क्लिपच्या वायरी प्रोबमधून पूर्ण उपसून बाजूला ठेवा. नुसत्या सोडून देऊ नका, लोंबती क्लिप बोर्डावर पडली तर पहिल्या प्रश्नातला प्रसंग इथेही. दोन्ही चॅनल डीसी कपलिंगवर, दोन्हींचे व्होल्ट प्रति घर (पडद्यावरचा एक चौकोन) अगदी सारखे. मॅथमध्ये पहिला वजा दुसरा. जुन्या ॲनालॉग स्कोपवर दुसरा चॅनल इन्व्हर्ट करून ॲड दाबायचं. आता दोन्ही टोकं एकाच बिंदूला लावा. सरळ शून्याची रेघ यायला हवी. जेवढी लाट दिसेल तेवढी तुमच्या मापातली चूक समजा. त्यानंतर पहिला प्रोब जिथलं मोजायचं तिथे, दुसरा गरम ग्राउंडवर.

मेन्सच्या बाजूला १०० व्होल्ट प्रति घर ठेवलं तर आठ घरांत, शून्याच्या वर ४०० आणि खाली ४०० असे, ८०० व्होल्ट मावतात. एखादा चॅनल पडद्याबाहेर गेला तर स्कोप त्याचं टोक कापतो आणि वजाबाकी साफ चुकते. मूळ दोन्ही चॅनल पडद्यावर दिसत राहू द्या, फक्त मॅथची रेघ बघत बसू नका. प्रोबवर छापलेलं कमाल व्होल्टेज वाचा. १एक्सवर स्विच चुकून सरकला तर पूर्ण व्होल्टेज स्कोपच्या इनपुटवर येतं, म्हणून ज्यांच्यावर स्विचच नाही असे कायमचे १०एक्स किंवा १००एक्स प्रोब या कामाला चांगले. एसएमपीएसच्या मॉसफेटचा (त्यातला स्विचिंग ट्रान्झिस्टर) ड्रेन ६००-७०० व्होल्टपर्यंत उसळतो, तिथे १००एक्सच.

या पद्धतीने काय मोजू नये तेही सांगतो. मॉसफेटच्या सोर्सखालच्या छोट्या रेझिस्टरवरचे ०.३ व्होल्ट किंवा वरच्या मॉसफेटचे गेटचे १२ व्होल्ट यात मिळणार नाहीत. दोन प्रोबमध्ये एक टक्क्याचा फरक असला तरी ३२५ व्होल्टचा एक टक्का म्हणजे सव्वातीन व्होल्ट झाले, त्यात तुमचे ०.३ बुडून जातात. फ्रीक्वेन्सी वाढली की हा फरक आणखी वाढतो. अशा मापांना उपकरण आयसोलेशनवर घेऊनच बसा.

प्रश्न : यूएसबी स्कोप लॅपटॉपला लावून, चार्जर काढून वापरला तर तो बॅटरीवरच्या मल्टिमीटरसारखाच सुरक्षित नाही का? (पुणे)

उत्तर : नाही. मल्टिमीटरला हाताला लागेल असा उघडा धातू नसतो, लॅपटॉपला चहूबाजूंनी असतो. यूएसबी स्कोपची क्लिप यूएसबीच्या कवचातून लॅपटॉपच्या ग्राउंडला जाते. गरम ग्राउंडला लावलीत तर लॅपटॉपचे स्क्रू, एचडीएमआयचं तोंड, हेडफोनचा जॅक सगळे मेन्सवर, आणि तुमची बोटं कीबोर्डवर. तीन पिनांचा चार्जर जोडलेला असेल तर शॉर्ट लॅपटॉपच्या मदरबोर्डातून होईल. यूएसबी आयसोलेटरची स्वस्त मॉड्यूल १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, ४८० मेगाबिट लागणाऱ्या स्कोपला ती पुरत नाहीत, आणि लॅपटॉप वाचला तरी स्कोपचं बीएनसी गरमच राहतं.

हीच गोष्ट गरम बोर्डाच्या मायक्रोकंट्रोलरला यूएसबी-सिरियल किंवा प्रोग्रामर लावताना. प्रोग्रामिंग मेन्स काढून, बाहेरच्या ५ व्होल्टवर करा. चालू बोर्डाचा डेटा वाचायचाच असेल तर मध्ये ऑप्टोकपलर घाला. ९६०० बॉडला पीसी८१७ चालतो, वेगवान डेटाला ६एन१३७.

हातात धरायच्या बॅटरीवरच्या स्कोपांतही दोन जाती आहेत. ज्यांची इनपुट सॉकेट पूर्ण प्लॅस्टिकने झाकलेली आहेत, प्रत्येक चॅनल दुसऱ्यापासून अलग आहे आणि बाजूला कॅट ३ किंवा कॅट ४ (मेन्सवर मोजण्याच्या सुरक्षिततेचा वर्ग) असं व्होल्टसह छापलं आहे, ते या कामासाठीच बनवलेले. चकचकीत धातूचं बीएनसी उघडं दिसत असेल तर तो बॅटरीवर असूनही मेन्ससाठी नाही.

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ सुरू करायचा आहे. आत ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. चॅसीला क्लिप लावू का? (सावंतवाडी)

उत्तर : अजिबात नको. आत यूएल४१, यूवाय४१ अशी यू अक्षराने सुरू होणारी व्हॉल्व्ह असतील तर तो एसी/डीसी सेट आहे. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर १०० मिलिअँपिअरवर एकामागे एक ओवलेले असतात आणि चॅसी मेन्सच्या एका वायरीला थेट जोडलेली असते. प्लग काढून, रेडिओचा स्विच ऑन करून चॅसी ते दोन्ही पिन मोजा. एकीकडे शून्य ओहम आले की खात्री पटली. स्विच चॅसीच्या वायरीत असेल तर रेडिओ बंद असतानाही हीटरच्या माळेतून चॅसी दुसऱ्या वायरीला जोडलेली राहते, म्हणून बंद आहे एवढ्यावर विसंबू नका. लाकडी पेटी आणि लाकडी पाठ यांनी ही चॅसी झाकलेली असते. बटणांच्या छोट्या स्क्रूंची भोकं मेणाने बुजवलेली असतात तीही याचसाठी. काम झाल्यावर पुन्हा बुजवा.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर इथे १०० ते १५० व्हीएचा घ्या. हिशेबाने कमी पुरायला हवा, पण हा सेट अर्धचक्रावर चालतो, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये एकाच दिशेचा प्रवाह भरतो आणि लहान ट्रान्सफॉर्मर गुरगुरत तापतो. एरियल सॉकेट आणि आतलं सर्किट यांच्यामधला जुना कागदी कपॅसिटर तेवढ्याच कपॅसिटन्सच्या वाय१ किंवा वाय२ जातीच्या कपॅसिटरने बदला. तो गळका झाला की एरियलची तार मेन्सवर येते.

प्रश्न : जुन्या वाड्यात कारखाना-वजा टेबल मांडलं आहे. तीन पिनांची सॉकेट आहेत, पण अर्थिंग खरं आहे का हे कसं ओळखू? (वाई)

उत्तर : सॉकेटकडे तोंड करून वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज-अर्थ त्याच्या दोन-चार व्होल्ट इकडेतिकडे. न्यूट्रल-अर्थ अर्धा ते पाच व्होल्ट. फेज-अर्थ ८० किंवा १४० असं काहीतरी येऊन आकडा हलत असेल तर अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही.

धोक्याचं माप वेगळंच आहे : न्यूट्रल-अर्थ अगदी ०.०. त्याच सॉकेटवर दोन किलोवॅटचा हीटर लावून पुन्हा मोजा. सुमारे ८.७ अँपिअर वाहताना न्यूट्रलच्या वायरीत थोडं तरी व्होल्टेज पडायलाच हवं. तरीही ०.०च राहिलं तर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ वायरीच्या तुकड्याने जोडलेले असण्याची दाट शक्यता. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नाही हे झाकायला असं केलेलं सापडतं. मागे कुठे न्यूट्रल सुटला की प्रत्येक उपकरणाची बॉडी आणि तुमचा स्कोप फेजवर जातो, आणि आरसीसीबीला ते कळत नाही. मेन बंद करून सॉकेट उघडा, जोड काढा आणि परवानाधारक वायरमनकडून खरा अर्थ खेचून घ्या. तोवर त्या टेबलावर स्कोप नको.

फेज ते अर्थ बल्ब पेटवून बघायची जुनी पद्धत सोडून द्या. अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ वाड्यातल्या सगळ्या अर्थ केलेल्या बॉड्या जिवंत होतात. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, हा समज चुकीचा आहे. अर्थ नसला तरी बटणाने तो पडतो. बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं.

प्रश्न : २३० व्होल्ट मोजताना मल्टिमीटरची टोकंच जळाली. रेंज तर बरोबर होती. (जळगाव)

उत्तर : लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली होती. त्या भोकामागे जाड तारेचा तुकडा असतो, रेंज काहीही असो; तुम्ही फेज-न्यूट्रल वायरीने जोडलेत. बऱ्याच स्वस्त मीटरवर त्या भोकाशी अनफ्यूज्ड असं छापलेलंच असतं. करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी वायर व्होल्टच्या भोकात परत घालायची सवय लावा, आणि घरच्या मेन बोर्डात हात घालताना कॅट ३ चाच मीटर वापरा.

प्रश्न : फिल्टर कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करतो. चालेल का? (चिपळूण)

उत्तर : ३२५ व्होल्टला भरलेल्या २२० मायक्रोफॅरडमध्ये साडेअकरा ज्यूल असतात. ठिणगीने ट्रॅक उडतो, कपॅसिटरची आतली जोडणी कमजोर होते, धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायरींना डाखून ठेवा, टोकांना प्रोबच्या दांड्या. २२० मायक्रोफॅरड त्याने अडीच सेकंदांत दोन-तीन व्होल्टवर येतो. पाच सेकंद धरा. मग मीटरने मोजा, आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावरही आपोआप काही व्होल्ट परत धरतो.